अल्प मात्रेतील किरणोत्सर्ग आणि बालकांचा रक्ताचा कर्करोग

जमाखर्च, रुग्णसंख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. या वर्षीचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो बालरुग्ण विभागातील एका मातेने आमच्यापुढे ठेवला.

त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असल्याचे निदान झाले होते. पहिल्या दिवशी घरच्या मंडळींनी उपचार किती काळ चालतील, खर्च किती येईल, शाळेचे काय, हे सारे विचारून घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी, नातेवाईक जेवायला गेले असताना, त्या माउलीने आमच्या डॉक्टरांना हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, तेव्हा तो डोक्याचा फोटो काढला नसता, तर हे झालं नसतं का?"

तीन वर्षांपूर्वी हे मूल घराच्या ओट्यावरून पडले होते. एकदा उलटी झाली, म्हणून रात्री आपल्याच रुग्णालयात आणले आणि डोक्याचे सी.टी. स्कॅन झाले. स्कॅन निर्दोष निघाले व दुसऱ्या दिवशी मूल हसत घरी गेले. मध्यंतरी कोणीतरी त्यांना सांगितले होते की, अशा यंत्रातील किरणांनी रक्ताचा कर्करोग होतो.

"छे, असे काही नसते," हे उत्तर देणे सोपे होते. परंतु ते खरे ठरले नसते. "होय, त्यामुळेच झाले," हे उत्तरही तितकेच खोटे. या दोहोंच्या मधले खरे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला जवळपास सत्तर वर्षे लागली आहेत. त्याच्या आरंभी एक देणगी आहे आणि ती आपल्या मुंबईतून उगम पावलेली आहे, म्हणून ही हकिगत आपल्या देणगीदारांना विशेष जवळची वाटेल.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. (भारतीय अणुशक्ती कार्यक्रमाचे प्रणेते डॉ. होमी भाभा हे त्यांचे सख्खे भाचे, हाही या विषयातील एक विलक्षण योगायोग.) पत्नीच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. ल्युकेमियाच्या संशोधनासाठी, संशोधक कोणत्याही देशाचा असो, त्याला साहाय्य करावे हा तिचा मुख्य हेतू. त्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्या काळी हा रोग हमखास प्राणघातक होता. आपल्या हयातीत फळ दिसण्याची आशा नसलेल्या कार्याला दिलेले ते दान होते.

पुढे १९५० च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठातील डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट यांच्या ध्यानात आले की, इंग्लंडमध्ये ल्युकेमियाने दगावणाऱ्यांत दोन ते चार वर्षांची बालके लक्षणीय संख्येने आढळतात. इतक्या लहान वयात रोग प्रकट होतो, तर त्याचे बीज जन्मापूर्वी तर पडत नसेल? तसे असेल तर ते मातेलाच विचारले पाहिजे. या साध्या विचारासाठी त्यांना हाती लागले ते लेडी टाटा निधीचे एक हजार पौंड. देशव्यापी पाहणीसाठी ही रक्कम त्या काळीही अपुरीच होती. त्यांनी प्रश्नावली तयार केली, आगगाडीने गावोगावी जाऊन स्थानिक आरोग्याधिकाऱ्यांना गळ घातली आणि मातांना भेटण्याचे काम त्यांच्याकरवी विनामोबदला करून घेतले. कर्करोगाने गेलेल्या प्रत्येक बालकामागे त्याच वयाचे, त्याच भागातील एक निरोगी बालक निवडण्यात आले व दोन्ही मातांना तेच प्रश्न विचारण्यात आले.

गरोदरपणी ओटीपोटाचा क्ष-किरण फोटो काढला होता का, हा त्या अनेक प्रश्नांपैकी एक. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. गर्भ आडवा आहे काय, जुळे आहे काय, मातेचे कटिर प्रसूतीला पुरेसे रुंद आहे काय, हे पाहण्यास क्ष-किरणांचाच आधार घेत. या फोटोमुळे कोणाला अपाय होत असेल, अशी शंकाही कोणास नव्हती. १९५६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दगावलेल्या बालकांच्या मातांनी असा फोटो काढल्याचे प्रमाण इतर मातांच्या जवळजवळ दुप्पट होते. १९५८ साली सविस्तर अहवाल आला.

वैद्यकीय जगताने तो सहजासहजी स्वीकारला नाही, आणि त्याचे एक कारण सबळ होते, असे आम्हाला वाटते. ज्या मातेचे मूल गेले, ती गरोदरपणातील प्रत्येक दिवस मनात पुनःपुन्हा चाळून पाहते. जिचे मूल अंगणात खेळत आहे, ती एखादा फोटो सहज विसरून जाते. मग फरक किरणांचा की स्मरणाचा? आक्षेप घेणाऱ्यांपाशी विरोधी पुरावाही होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध सिद्ध करणाऱ्यांतील अग्रणी रिचर्ड डॉल यांनी कोर्ट ब्राऊन यांच्यासमवेत गरोदरपणी क्ष-किरण घेतलेल्या सुमारे ३९,००० मातांची रुग्णालयीन कागदपत्रे तपासली. १९६० साली त्यांनी जाहीर केले की, त्या मातांच्या मुलांत ल्युकेमियाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले नाहीत.

निर्णायक कलाटणी १९६२ साली मिळाली. अमेरिकेतील ब्रायन मॅकमॅहन यांनी सदतीस प्रसूती रुग्णालयांतील सात लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी घेतल्या. येथे कोणाच्या आठवणीवर विसंबण्याचा प्रश्नच नव्हता. फोटो काढल्याची नोंद मूल आजारी पडण्याच्या आधीच लिहिली गेली होती. तरीही गर्भावस्थेत किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाने मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. पुढे १९७४ साली आणखी एक चतुर तपासणी झाली. जुळ्या गर्भांचे फोटो निव्वळ ती जुळी आहेत म्हणून काढले जात. मातेच्या प्रकृतीत काही खोट असल्यामुळे नव्हे. किरणांऐवजी मातेचा एखादा आजारच मूळ कारण असता, तर जुळ्यांत हा संबंध दिसायला नको होता. तो तेथेही तितकाच दिसला.

विरुद्ध बाजूचाही एक मुद्दा सांगणे आमचे कर्तव्य आहे. हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ साली जी मुले बॉम्बस्फोटाच्या वेळी मातेच्या उदरात होती, त्यांच्यात बालपणीच्या ल्युकेमियाची वाढ आढळली नाही. जन्मलेल्या मुलांत मात्र ती ठळकपणे आढळली. ही विसंगती आजही पूर्णपणे उलगडलेली नाही.

डॉल मात्र आपल्या जुन्या निष्कर्षाला चिकटून राहिले नाहीत. १९९७ साली रिचर्ड वेकफर्ड यांच्यासह त्यांनी साऱ्या पुराव्याचा फेरआढावा घेतला आणि गर्भाला १० मिलिग्रे इतकी अल्प मात्रा मिळाली तरी बालपणीच्या कर्करोगाची शक्यता वाढते, असा निर्वाळा दिला. डॉ. स्ट्युअर्ट तेव्हा नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. २००२ साली त्या निवर्तल्या. सोनोग्राफीचा प्रसार झाल्यावर गरोदर मातेच्या पोटाचा क्ष-किरण फोटो जवळजवळ इतिहासजमा झाला आहे.

येथे 'अल्प मात्रा' म्हणजे किती, हे सांगितले पाहिजे. आपण सारेच निसर्गतः किरणोत्सर्गात राहतो. माती, खडक, घराच्या भिंती, अन्न, आकाशातून येणारे किरण यांपासून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. बालकाच्या छातीच्या एका फोटोची मात्रा साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी. डोक्याच्या सी.टी. स्कॅनची मात्रा याच्या सुमारे शंभरपट, पोटाच्या स्कॅनची त्याहूनही अधिक. 'फोटो' हा एकच शब्द आपण दोहोंना वापरतो, आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो.

किरण पेशीतून जाताना तिच्या जनुकद्रव्याचे धागे तोडू शकतात. बहुतेक वेळा पेशी ते सांधते किंवा स्वतः नष्ट होते. क्वचित सांधा चुकतो. सतत नव्या रक्तपेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेत अशी चूक टिकून राहिली, तर ती पुढे रोगाला वाट करून देऊ शकते. मोठ्या माणसात ही कार्यक्षम मज्जा मुख्यत्वे धडाच्या हाडांत असते. लहान मुलात ती हातापायांत आणि कवटीतही भरपूर असते. म्हणून डोक्याच्या स्कॅनचा संबंध मेंदूइतकाच रक्ताशीही पोहोचतो. शिवाय मुलाचा देह लहान. मोठ्यांसाठी लावलेली यंत्राची मात्रा तशीच ठेवली तर त्याच्या अवयवांना अधिक किरण लागतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी नेमके हेच होत असल्याचे २००१ साली उघडकीस आले, आणि बालकांसाठी मात्रा बेताची ठेवण्याची मोहीम २००८ पासून तेथे संघटितपणे सुरू झाली.

सी.टी. स्कॅनविषयीचा थेट पुरावा त्यानंतरचा. २०१२ साली ब्रिटनमधील सुमारे १,७८,००० रुग्णांच्या अभ्यासात मज्जेला मिळालेली मात्रा आणि ल्युकेमिया यांचा संबंध आढळला. त्यावरही आक्षेप आला की, ज्यांच्यात आधीच काही दोष असतो त्यांचेच स्कॅन अधिक होतात. मग नऊ युरोपीय देशांनी मिळून साडेनऊ लाखांच्या जवळपास मुले व तरुण यांचा मागोवा घेतला. त्याचा निष्कर्ष २०२३ साली आला : मज्जेला १०० मिलिग्रे मात्रा मिळाल्यास रक्ताच्या कर्करोगांची शक्यता सुमारे तिप्पट होते. आजच्या सरासरी स्कॅनमध्ये मज्जेला ८ मिलिग्रेच्या आसपास मात्रा मिळते. त्या हिशेबाने स्कॅन झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढील बारा वर्षांत एक किंवा दोन मुलांना त्या स्कॅनमुळे असा रोग होण्याचा संभव असतो.

दहा हजारांत एक-दोन ही संख्या थोडी की फार? डोक्यात रक्तस्राव झालेल्या मुलाच्या बाबतीत ती नगण्य आहे. स्कॅन न केल्यास ते मूल त्याच रात्री दगावू शकते. ज्या मुलाला स्कॅनची गरजच नव्हती, त्याच्या बाबतीत मात्र दहा हजारांत एक हीदेखील विनाकारण घेतलेली जोखीम होय. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म या तुलनेत आहे.

अणुवीज केंद्रांचा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. तारापूरचे केंद्र १९६९ पासून आपल्याच किनाऱ्यावर आहे. इंग्लंडमधील सेलाफील्ड प्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात मुलांना ल्युकेमिया अधिक प्रमाणात होत असल्याचे १९८३ साली दूरचित्रवाणीने उजेडात आणले व पुढील वर्षी चौकशी समितीने ते मान्य केले. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत केंद्रांपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांत हा रोग सुमारे दुपटीने आढळला. परंतु दोन्ही ठिकाणी रहिवाशांना मिळणारी मात्रा इतकी क्षुल्लक आहे की, आज ज्ञात असलेल्या हिशेबाने तिच्यामुळे एवढी वाढ संभवत नाही. आडबाजूच्या वस्तीत अचानक बाहेरची माणसे आली, की त्यांच्यासोबत येणाऱ्या एखाद्या संसर्गाला काही मुलांचे शरीर वेगळा प्रतिसाद देत असावे, असे लिओ किनलेन यांनी १९८८ साली सुचवले. तो विचार अद्याप टिकून आहे. केरळातील करुनागपल्ली येथील मोनाझाइट वाळूचे उदाहरण "बघा, तेथे काही होत नाही" म्हणून वारंवार दिले जाते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात कर्करोगाची वाढ आढळली नाही, हे खरे. पण तो अभ्यास तीस वर्षांवरील प्रौढांचा होता. बालकांविषयी त्यावरून काही ठरवू नये.

आता आपल्या रुग्णालयाकडे वळू. वर सांगितलेल्या मुलाचे जुने कागद आम्ही काढून पाहिले. यंत्राची मात्रा बालकासाठी ठरवलेलीच होती, एवढे समाधान. परंतु मूल शुद्धीवर होते, खेळकर होते, उलटी एकदाच झाली होती. अशा मुलाला लगेच स्कॅन न करता काही तास निरीक्षणाखाली ठेवावे, हे ४२,००० हून अधिक मुलांच्या अमेरिकी अभ्यासावरून २००९ सालीच स्पष्ट झालेले आहे आणि आमच्या डॉक्टरांना ते ठाऊकही होते. रात्रीची वेळ, चिंतातुर नातेवाइकांचा आग्रह, आणि यंत्र शेजारच्याच खोलीत. ते स्कॅन टाळता आले असते, हे आम्ही विश्वस्त मंडळापुढे लेखी मांडले आहे.

त्यानंतर अपघात विभागात डोक्याला मार लागलेल्या बालकांसाठी प्रश्नांचा तक्ता लावण्यात आला असून, स्कॅनचा आदेश देणाऱ्या डॉक्टरांनी त्यातील कोणत्या कारणाने तो दिला हे लिहावयाचे आहे. पोटदुखीच्या मुलाची प्रथम सोनोग्राफी करावी, असा दंडक घातला आहे. एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात; परंतु लहान मूल इतका वेळ निश्चल राहत नाही, त्याला भूल द्यावी लागते आणि खर्चही अधिक येतो, म्हणून तो सरसकट पर्याय नव्हे. देणगीदारांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवे यंत्र आले म्हणजे मात्रा आपोआप उतरत नाही. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे प्रशिक्षण आणि अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसार होणारी यंत्राची नियमित तपासणी यांवर ती अवलंबून असते. या खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच की, जुने फोटो, स्कॅनच्या फिल्म व सी.डी. टाकून देऊ नयेत आणि प्रत्येक भेटीत सोबत आणाव्यात. केवळ आधीची फिल्म घरी राहिली म्हणून पुन्हा फोटो काढावा लागतो, असे आम्ही नेहमी पाहतो. आपण गरोदर असल्याची शक्यता असेल तर क्ष-किरण कक्षात शिरण्यापूर्वी न संकोचता सांगावे. त्याचबरोबर, गरोदरपणी ठाऊक नसताना छातीचा किंवा दाताचा फोटो काढला गेला, म्हणून भयभीत होऊ नये. त्यातून गर्भाला पोहोचणारी मात्रा डॉ. स्ट्युअर्ट यांच्या काळातील पोटाच्या फोटोच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. मोबाइलच्या मनोऱ्यांविषयीही पालक विचारतात. त्या लहरी वेगळ्या जातीच्या. क्ष-किरणांप्रमाणे जनुकद्रव्याचे धागे तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

राहिला त्या मातेचा प्रश्न. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्याजवळ बसून कागदावर हिशेब मांडला. स्कॅन न झालेल्या मुलांच्या एखाद्या मोठ्या समूहात १०० जणांना हा रोग होत असेल, तर एकेक स्कॅन झालेल्या तितक्याच मोठ्या समूहात तो सुमारे ११६ जणांना होईल. म्हणजे स्कॅननंतर रोग झालेल्या दर सात मुलांपैकी सहांना तो स्कॅन नसतानाही झालाच असता. आपला मुलगा त्या सहांतील की सातवा, हे कोणत्याही तपासणीने सांगता येत नाही. डॉक्टरांनी हेही सांगितले की, या रोगाची पहिली पायरी पुष्कळदा गर्भातच घडते. नवजात बालकांच्या रक्ताच्या साठवलेल्या थेंबांवरून हे सिद्ध झाले आहे. शंभरांतील एक ते पाच बालके तशी एक जनुकीय खूण घेऊन जन्मतात आणि त्यांतील फारच थोड्यांना पुढे रोग होतो. ती खूण कोणाच्या चुकीने उमटत नाही. आणि स्कॅनचा निर्णय घेतला होता तो रुग्णालयाने, मातेने नव्हे, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले.

त्या बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "सकाळी छातीचा फोटो सांगितलाय. आमच्या यांनी नको म्हणून सांगितलं. काढायचा का?"

हा फोटो आवश्यक होता. ल्युकेमियाच्या काही मुलांत छातीच्या मध्यभागी गाठ वाढून श्वासनलिकेवर दाब येतो. ते न पाहता भूल दिली तर श्वास अडकून जिवावर बेतू शकते. फोटोची मात्रा तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी आहे, हे डॉक्टरांनी त्यांच्या यजमानांनाही समजावून दिले. सायंकाळी फोटो झाला. मूल हलू नये म्हणून आईनेच शिशाचा एप्रन घालून त्याचे दोन्ही हात धरले होते, आणि पुन्हा काढावा लागला नाही.